प्लेस्टेशनचा गेम पीसीवर अडखळत होता, तो असा सुरळीत केला

८ जीबी व्हीआरएएमचं (कार्डाची स्वतःची मेमरी) ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, एसएसडी. तरीही प्लेस्टेशन ५ वरून पीसीवर आलेला गेम वळणावळणाला अडखळायचा. सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) चांगला, पण फ्रेमटाइमचा (एकेका फ्रेमला लागणारा वेळ) आलेख करवतीसारखा.

आधी शेडरचं बघा, म्हणजे प्रकाश, रंग कसे दिसावेत हे जीपीयूला (ग्राफिक्स चिपला) सांगणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं. कन्सोलचा जीपीयू ठरलेला, त्यामुळे शेडर आधीच तयार करून देता येतात. पीसीवर ते तुमच्या कार्डानुसार आणि ड्रायव्हरनुसार तिथल्या तिथे बनतात. मेनूतली शेडर तयार होण्याची टक्केवारी १०० होईपर्यंत खेळायला घेऊ नका. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये शेडर कॅश साइज (तयार शेडर साठवायची डिस्कवरची जागा) १० जीबी केला. ड्रायव्हर बदलला की हे सगळं पुन्हा होणार, हे धरून चाला.

खरं दुखणं मात्र व्हीआरएएमचं. पीएस ५ मध्ये सीपीयू आणि जीपीयू मिळून एकच १६ जीबी जीडीडीआर६ मेमरी वापरतात. टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) त्या हिशेबाने बनलेले असतात. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग जीपीयू उघडा. डेडिकेटेड मेमरी काठोकाठ भरली आणि शेअर्ड वाढू लागली, की टेक्श्चर साध्या रॅममधून पीसीआय एक्सप्रेसवरून, म्हणजे कार्डाला मदरबोर्डशी जोडणाऱ्या, व्हीआरएएमपेक्षा हळू मार्गाने येतात. झटका तिथेच बसतो.

टेक्श्चर हायवरून मीडियम केले, ब्राउझर बंद केला, एफपीएस ६० वर बांधला. नुसत्या डीएलएसएसवर (कमी रिझोल्यूशनवर काढलेलं चित्र एआयने मोठं करणारं एनव्हिडियाचं तंत्र) विसंबू नका: रेंडर रिझोल्यूशन उतरतं, टेक्श्चरचं ओझं जवळपास तेवढंच राहतं. मीडियमवर भिंतीवरची पोस्टरं जवळून पुसट दिसतात, पण झटके थांबतात. टेक्श्चर बदलल्यावर गेम बंद करून पुन्हा उघडा.