हगवणीचा मेसेज एआयकडून लिहून घेताना
आशाताई, सिस्टर, पावसाळ्यात गावच्या ग्रुपवर ओआरएसचा मेसेज एआयकडून लिहून घेत असाल तर त्याला नुसतं मराठीत लिही म्हणू नका, ते 'अतिसार', 'निर्जलीकरण' असं देते, आपल्या इकडच्या आजीला ते कसं समजन. सांगा की यवतमाळकडच्या खेड्यातल्या माणसासाठी लिही, हगवण म्हण, 5 ओळींच्या वर नको. मग आकडे पाकिटाशी ताडून पाहाच, मोठं पाकीट 1 लिटर पाण्यात, 24 तासांनी उरलेलं फेकायचं, लेकराला झिंकची गोळी 14 दिवस, हगवण थांबली तरी. मला एकदा 'एक ग्लास पाण्यात' असं आलं होतं, एवढं घट्ट पाजलं तर लेकराला उलटा त्रास होते. पेशंटचं नाव तर टाकूच नका. पाठवायच्या आधी एखाद्या आजीला वाचून दाखवा न् विचारा, आजी, आता घरी जाऊन काय करसान?