अँबेसिडरचं ऑइल प्रेशर: इंजिन उतरवण्याआधी काय बघायचं

आंबा घाट चढून वर आलो, चहासाठी गाडी उभी केली आणि स्लो रनिंगवर ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. ॲक्सिलरेटरवर जरा पाय दिला की विझायचा, पाय काढला की परत हजर. गाडी वडिलांची, १९७७ची मार्क ३. चहा थंड झाला तरी मी दिव्याकडेच बघत होतो.

कोल्हापुरात आल्यावर मिस्त्रीनं बॉनेट उघडायच्या आधीच निकाल दिला, "काका, क्रँक गेला. इंजिन उतरवायला लागतंय." क्रँक म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनचा मुख्य शाफ्ट.

माझी नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेली. तिथं कुणी "प्रेशर कमी वाटतंय" म्हणालं की आमचा फोरमन विचारायचा, "वाटतंय, का गेजवर दिसतंय?" तोच प्रश्न मी मिस्त्रीला विचारला. त्याच्याकडे गेज नव्हतं. मग गाडी घरी आणली आणि पुढचं सगळं अंगणात केलं. त्याच क्रमानं लिहितो, कारण क्रम चुकला की शंभर रुपयांच्या वायसरसाठी अख्खं इंजिन बाहेर येतं.

आधी एक सांगून ठेवतो. चालत्या गाडीत दिवा लागून तसाच राहिला तर जागेवर इंजिन बंद करायचं आणि गाडी ओढत न्यायची. "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" म्हणून पुढं गेलेल्यांची बेअरिंगं मी हातात घेऊन बघितली आहेत. माझा दिवा फक्त स्लो रनिंगवर लुकलुकत होता, दांडीवर (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर) ऑइल बरोबर होतं आणि आवाज नव्हता, म्हणून मी सावकाश घरी आलो. तरीसुद्धा ते धाडसच होतं.

आता दांडी. सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी बघा. ऑइल कमी असेल तर वळणावर आणि ब्रेक दाबल्यावर प्रेशर पडतं, सरळ रस्त्यावर परत येतं. पण दांडीवर ऑइल वाढलेलं दिसलं तर जास्त काळजी करा. माझ्या मेहुण्याच्या पद्मिनीत तसंच झालं होतं. मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल थेट चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यात, उतरत होतं. ऑइल वाढत गेलं, पातळ होत गेलं आणि प्रेशर पडलं. तो मात्र "माझी गाडी ऑइल खात नाही" म्हणून सगळ्यांना सांगत फिरत होता. दांडीचा वास घ्या, ऑइल दोन बोटांत चोळून बघा. पेट्रोलचा वास आला तर आधी ती गळती बंद करा, मग ऑइल आणि फिल्टर बदला. तोवर इंजिन सुरूही करू नका.

ऑइल कुठलं घातलंय तेही विचारा. हौसेनं महागातलं पातळ ५डब्ल्यू-३० घालणारे पुतणे घरोघरी आहेत. नव्या गाडीला ते अमृत असेल, पण या इंजिनातल्या फटी त्या काळच्या. आपल्या उन्हाळ्यात घट्ट २०डब्ल्यू-५० घाला. आणि ऑइल घट्ट करणारं डब्यातलं औषध तपासणी होईपर्यंत अजिबात ओतू नका. दिवा विझतो, दुखणं आत तसंच राहतं, आणि तुमचं मोजमापही खोटं येतं.

मग गेज. ग्लिसरीन भरलेलं ० ते ७ किलोचं (दर चौरस सेंटिमीटरला) साधं मेकॅनिकल गेज, थोडा जाड प्रेशर होज आणि एक युनियन (जोडणीचा आटेवाला तुकडा), एवढंच लागतं. इंजिनवरचा, लाल दिवा लावणारा ऑइलचा स्विच काढायचा आणि त्याच जागी हे जोडायचं. आटे ब्रिटिश पद्धतीचे असतात, त्यामुळे काढलेला स्विच खिशात घालूनच हार्डवेअरच्या दुकानात जा. अंदाजानं आणलेला युनियन दोन आटे बसतो आणि तिसऱ्याला ब्लॉकचे आटे खातो. प्लॅस्टिकची नळी वापरू नका. गरम ऑइलनं ती मऊ पडून सुटली तर आख्खी इंजिनरूम न्हाऊन निघेल, आणि त्यातच तापलेला सायलेन्सरचा पाइप असतो.

आपल्या जुन्या अँबेसिडरचं १४८९ सीसीचं इंजिन म्हणजे ब्रिटनच्या बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी-सिरीज. उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सनं ते वर्षानुवर्षं बनवलं, आणि तिकडं याच घराण्यातली इंजिनं एमजीए, एमजीबी या स्पोर्ट्‌स गाड्यांना बसली. त्यामुळे आकडे सगळीकडे जवळपास तेच आहेत. इंजिन पूर्ण गरम असताना रस्त्यावरच्या वेगाला ५० पाउंडांच्या आसपास आणि स्लो रनिंगला १५. गॅरेजातला पाउंड म्हणजे पीएसआय, दर चौरस इंचावरचा पाउंडातला दाब, आणि १४ पाउंड म्हणजे साधारण एक किलो. दिवा पाच-सात पाउंडांच्या खाली गेल्यावरच लागतो, म्हणजे तो लागेपर्यंत बरंच काही होऊन गेलेलं असतं. स्विचही बिघडतो म्हणा. गेजवर प्रेशर चांगलं आणि दिवा तरी लागतोय, तर नवा स्विच बसवा आणि वाचन इथंच थांबवा.

माझे आकडे वहीत आहेत. थंड इंजिन, स्टार्ट केल्याबरोबर ५५. वीस किलोमीटर फिरवून आल्यावर जोरात ३२, स्लो रनिंगला ६.

दोन्ही वेळचे आकडे लिहिल्याशिवाय पाना हातात घेऊ नका, कारण अर्धं निदान इथंच होतं. थंड असतानाच प्रेशर कमी असेल तर ऑइल पंप, चेंबरमधली जाळी किंवा उघडा अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर झालं की ऑइल परत चेंबरमध्ये सोडणारा) यांच्यावर संशय घ्या. थंड असताना छान आणि गरम झाल्यावर कोसळलं, तर पातळ ऑइल, झिजलेली बेअरिंगं किंवा नीट न बसणारा रिलीफ व्हॉल्व्ह. रेस केल्यावर वाढायच्या ऐवजी पडत असेल तर जाळी तुंबली आहे, पंपाला ऑइल पोचत नाही. सकाळी पहिल्या स्टार्टला प्रेशर यायला फार वेळ लागत असेल तर रात्रभरात फिल्टर रिकामा होतोय.

फिल्टरवरून आठवलं. जुना फिल्टर म्हणजे लोंबकळणारी वाटी, आत कागदी एलिमेंट, वर रबराचं रिंग. रिंग खोबणीत रुतून बसतं आणि काळं पडल्यामुळे दिसतच नाही. त्याच्यावर नवं बसवलं की दोन रिंगं होतात, आणि भर रस्त्यात ऑइल बाहेर. खोबणीत सुई फिरवून जुनं निघाल्याची खात्री करा.

रिलीफ व्हॉल्व्हचं नाव मिस्त्रीनं घेतलंही नव्हतं, आणि माझं दुखणं तिथंच निघालं. इंजिनच्या डाव्या अंगाला, मागच्या बाजूला, मॅनिफोल्डच्या खालच्या भागात घुमटाच्या आकाराचा एक मोठा षट्‌कोनी नट असतो. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. खाली ट्रे ठेवा. पाना तंतोतंत बसणारा घ्या, स्क्रू पाना नको, कोपरे गोल होतात. नट सुटला की मागोमाग स्प्रिंग येते. आतला वाटीसारखा प्लंजर मात्र जागेवरच चिकटून बसतो. तो चुंबकानं येईलच असं नाही. मी लाकडाची गोल काडी थोडी फुगवून वाटीत दाबली आणि फिरवत बाहेर ओढली.

प्लंजर उन्हात धरला. त्याच्या निमुळत्या तोंडावर चकचकीत पट्टा गोल फिरला होता, पण एके ठिकाणी तुटलेला. तिथं तांदळाच्या कणीएवढा लाल तुकडा चिकटला होता. नखानं काढला तर रबरासारखा वाकला. लाल सिलिकॉन! दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजात चेंबरचं पॅकिंग बदललं होतं, तेव्हा मुलानं ट्यूब सढळ हातानं पिळली असणार. बाहेर जेवढं दिसतं तेवढंच आतही फुगतं, आणि ते सुटून ऑइलबरोबर फिरतं. तेवढ्या कणीमुळे व्हॉल्व्ह कायम केसभर उघडा राहत होता आणि स्लो रनिंगचं प्रेशर तिथूनच परत चेंबरमध्ये जात होतं.

प्लंजर रॉकेलमध्ये धुवा. बोअरमध्ये तो स्वतःच्या वजनानं सरकला पाहिजे. तोंडावर खड्डे असतील तर नवा घ्या, किंवा अगदी बारीक ग्राइंडिंग पेस्टनं जागेवर हलकेच बसवा आणि पेस्टचा कण न कण धुऊन काढा. स्प्रिंगची मोकळी लांबी ३ इंच, म्हणजे ७६ मिमी असायला हवी. कमी भरली तर बदला. स्प्रिंगमागे वायसर घालून प्रेशर वाढवायची युक्ती तुम्हाला कुणीतरी सांगेलच. त्यानं वेगातला वरचा आकडा वाढतो. स्लो रनिंगला चांगला व्हॉल्व्ह मुळात बंदच असतो, तिथं स्प्रिंग कितीही ताणली तरी काय फरक पडणार? नटाखालचे वायसर मात्र नवे घाला.

बसवून परत वीस किलोमीटर. जोरात ४८, स्लो रनिंगला १६.

तुमचं काम इथं भागलं नाही तर चेंबर खाली घ्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली झोपू नका, घोडे (स्टँड) लावा. माझं भागलं होतं, तरी मी चेंबर घेतलाच, कारण एक लाल कणी आहे म्हणजे आणखी असणार. जाळीवर अशाच चार-पाच गांडुळासारख्या लाल पट्ट्या निघाल्या.

चेंबर खाली आहे तोवर पंप तपासा. तीन नटांवर असतो. झाकण काढून वर पट्टी धरा आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. पट्टी आणि रोटर यांच्यात ५ थाऊपेक्षा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे पाव मिलिमीटरच्या निम्म्यापेक्षा जास्त फट नको. दोन रोटरांच्या टोकांमध्ये ६ थाऊ, बाहेरचा रोटर आणि बॉडी यांच्यात १० थाऊ. वरची फट थोडी जास्त असेल तर जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून बॉडीचं तोंड घासून घेता येतं.

एक बिग एंडची (कनेक्टिंग रॉडच्या क्रँकवर बसणाऱ्या टोकाची) कॅपही खोला, पण तिच्यावर नंबर आणि दिशा खुणावल्याशिवाय नाही. शेल, म्हणजे आतलं अर्धगोल बेअरिंग, एकसारखं राखाडी असेल तर देवाला नमस्कार करून परत बसवा. तांबूस दिसायला लागलं की वरचा थर गेला. मग मात्र मिस्त्री बरोबर, आणि गाठायचं कोल्हापूरचं उद्यमनगर, वर्कशॉपांची वसाहत. क्रँक आधी मायक्रोमीटरनं मोजून घ्या. १०, २०, ३०, ४० थाऊ अशी अंडरसाइज बेअरिंगं असतात, आणि आधीच्या मालकानं किती ग्राइंडिंग केलंय ते जुन्या शेलच्या पाठीवर छापलेलं असतं.

सगळं बसवल्यावर लगेच स्टार्टर मारू नका. पंप बसवतानाच त्यात ऑइल भरा, नाहीतर तो हवाच घुसळत बसतो. चारही प्लग काढा, पुढून हँडल घाला आणि फिरवा. प्लग नसल्यावर माझ्या वयाच्या माणसालाही जमतं. गेजचा काटा हलल्यावरच प्लग लावून सुरू करा. दुसऱ्या दिवशी सकाळी डोम नटाखाली आणि चेंबरखाली एक वर्तमानपत्र पसरून बघा. माझ्या पेपरवर एक थेंब होता, नट पाव फेरा आणखी आवळला.