कादंबरीवर चित्रपट काढायचाय? आधी हक्कांचे कागद पक्के करा

"लेखक ओळखीचेच आहेत, फोनवर हो म्हणालेत." एवढ्या भरवशावर पटकथा लिहायला घेऊ नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क लेखी आणि सहीनिशीच मिळतात.

लेखकाच्या निधनाचं साल बघा. त्यापुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं उलटली असतील तर पुस्तक सगळ्यांना खुलं. पण तुम्ही अनुवादावरून काम करत असाल, तर अनुवादकाचा हक्क वेगळा.

चित्रपटाचे हक्क कुणाकडे, हे प्रकाशकाच्या तोंडून ऐकू नका, त्याचा लेखकाशी झालेला करार वाचा. लेखक हयात नसतील तर हक्क ज्यांच्याकडे गेले त्या सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. थोरला मुलगा "घरचं मी बघतो" म्हणाला तरी अमेरिकेतल्या बहिणीची सही हवीच.

आता मुदत. लोक अडकतात ते इथे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे तयार मसुदे इथेच कुचकामी ठरतात. करारात वेगळं काही नसेल आणि तुम्ही वर्षभरात हक्क वापरले नाहीत, तर ते कायद्याने तुमच्या हातून जातात. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पटकथेचे खर्डे, पैसे लावणारा शोधणं, कलाकारांच्या तारखा यांत वर्ष सहज सरतं. तेव्हा "वर्षभरात वापर झाला नाही तरी कलम १९(४) खाली हक्क संपुष्टात येणार नाहीत" हे वाक्य करारात घालाच. वकील "गरज नाही" म्हणाले तर वकील बदला.

हाताशी पैसे कमी असतील तर पूर्ण हक्क लगेच घेऊ नका. थोडी रक्कम देऊन बारा किंवा अठरा महिन्यांचा ऑप्शन, म्हणजे त्या मुदतीत पूर्ण हक्क विकत घेण्याचा राखीव अधिकार, घ्या. मुदतवाढीची रक्कम आणि पूर्ण हक्कांची किंमत त्याच कागदावर आकड्यांत लिहा. "किंमत नंतर ठरवू" असं लिहिलेला ऑप्शन माझ्या मते घेऊच नये, कारण मधल्या काळात पुस्तकाला पुरस्कार मिळाला की आकडा बदलतो.

सिनेमागृह, टीव्ही, ओटीटी, रिमेक, डबिंग एकेक करून नमूद करा.

कथेत बदल करणार असाल तर कोणते, तेही लिहा. 'आपका बंटी' या हिंदी कादंबरीवरच्या चित्रपटाविरुद्ध तिच्या लेखिका मन्नू भंडारी न्यायालयात गेल्या. १९८६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हक्क विकल्यावरही कलम ५७ प्रमाणे लेखक आपल्या साहित्यकृतीच्या विपर्यासाला हरकत घेऊ शकतो. शेवट बदलायचा असेल तर लेखकाला आधी सांगा आणि बदलाच्या टिपणावर सही घ्या.

मुद्रांक शुल्क भरा, साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि मूळ प्रत स्वतःकडे ठेवा.