सांवेर रोडच्या शेडमध्ये स्विच बसवताना पोर्टआधी वॅट मोजा

नेटवर्कचा स्विच, म्हणजे सगळी उपकरणं केबलने एकत्र जोडणारा डबा, घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: २४ पोर्टचा (केबल लावायच्या जागांचा) की ४८चा? इंदुरात सांवेर रोडवर कारखान्याचं नेटवर्क मांडत असाल तर आधी वॅट मोजा, पोर्ट नंतर.

कॅमेरे, वायफायचे ॲक्सेस पॉइंट, आयपी फोन यांना वीज डेटाच्या केबलमधूनच मिळते, यालाच पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट) म्हणतात. समजा, १६ कॅमेरे प्रत्येकी १० वॅट, ६ ॲक्सेस पॉइंट प्रत्येकी १८ वॅट आणि १० फोन प्रत्येकी ५ वॅट. झाले ३१८. पाव हिस्सा जास्तीचा धरला की ४०० च्या घरात जातं. कॅमेऱ्याचा आकडा रात्रीचा धरा, कारण अंधारात इन्फ्रारेड दिवे लागले की त्याची भूक वाढते. स्विचचं पीओई बजेट, म्हणजे तो एकूण देऊ शकतो ते वॅट, अपुरं असेल तर दिवसा सगळं सुरळीत दिसतं आणि संध्याकाळी स्विच कमी प्राधान्याच्या पोर्टची वीज तोडतो. मग लोक कॅमेरे बदलत बसतात.

अशा ठिकाणी ४८ पोर्टच्या एका स्विचपेक्षा ३७० वॅटचे, २४ पोर्टचे दोन बरे. विषम क्रमांकाचे कॅमेरे एकावर, सम दुसऱ्यावर. एक बंद पडला तरी अर्धं आवार दिसत राहतं. १८ वॅटच्या ॲक्सेस पॉइंटला पीओईचं ८०२.३एएफ हे मानक पुरत नाही, त्यात पोर्टमागे १५.४ वॅटच मिळतात. ३० वॅट देणारं ८०२.३एटी मागा. यूपीएसचा हिशोबही याच वॅटवर करा.

आता उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखालच्या बंद रॅकमध्ये त्याहून जास्त तापतं. बऱ्याच स्विचची मर्यादा ४५ अंशांचीच असते. रॅक छताला टेकवू नका, पंख्याची जाळी महिन्याला साफ करा.

तांब्याची केबल १०० मीटरपर्यंतच. पण दोन शेडमध्ये अंतर कमी असलं तरी फायबरच टाका, कारण पावसाळ्यात जवळपास वीज कोसळली की तांब्यातून आलेला झटका दोन्हीकडचे स्विच जाळतो. फायबरला लोखंडी चिलखत असेल तर त्याचं अर्थिंग करा, नाहीतर तोच झटका चिलखतातून आत येतो.

राउटर म्हणजे नेटवर्क इंटरनेटला जोडणारा डबा; त्याच्या माहितीपत्रकावरचा वेगाचा मोठा आकडा बहुधा सगळ्या सोयी बंद ठेवून मोजलेला असतो. फायरवॉल आणि व्हीपीएन (बाहेरून सुरक्षित जोडणी) चालू असताना किती वेग मिळतो, तो विक्रेत्याकडून लेखी घ्या. इंटरनेटच्या दोन लाइनी एकाच खांबावरून येत असतील तर दुसरीचे पैसे वाया गेले.

बसवून झालं की रूट ब्रिज, म्हणजे बाकीचे स्विच ज्याला केंद्र मानतात तो स्विच, स्वतः ठरवा. हे काम सगळ्यांत जास्त राहून जातं आणि सगळ्यांत जास्त त्रास देतं. स्पॅनिंग ट्री म्हणजे लूप (डेटा गोल गोल फिरत राहणं) टाळायची स्विचची पद्धत. तिच्यात प्रत्येक स्विचचं प्राधान्य मुळात ३२७६८ असतं, आणि आकडा लहान असेल तो रूट होतो. सगळ्यांचं सारखं असलं की लहान मॅक पत्त्याचा (कारखान्यातूनच मिळालेल्या हार्डवेअर क्रमांकाचा) स्विच रूट होतो, आणि तो पुष्कळदा कोपऱ्यातला सर्वांत जुना निघतो. मग अख्ख्या कारखान्याची वाहतूक त्याच्या १०० एमबीपीएसच्या पोर्टातून रांगायला लागते. मुख्य स्विचला ४०९६ द्या, राखीव मुख्याला ८१९२.

लूप ओळखायला सोपा. टेबलाखाली कुणी जेल रोडच्या बाजारातून आणलेला आठ पोर्टचा साधा स्विच जोडतो आणि सुटं दिसणारं पॅच कॉर्डचं (छोट्या केबलचं) टोक, जिचं दुसरं टोक आधीच तिथे लावलेलं असतं, त्याच स्विचमध्ये खुपसतो. रॅकमधले सगळे हिरवे दिवे एका तालात, न थांबता लुकलुकायला लागतात, फोन मुके होतात. वापरणाऱ्यांच्या सगळ्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड लावलं असेल (बीपीडीयू म्हणजे स्पॅनिंग ट्रीसाठी स्विच पाठवतात ते छोटे निरोप) तर स्वतःचाच बीपीडीयू परत आलेला पाहून स्विच तेवढा पोर्ट बंद करतो. काही स्वस्त स्विच बीपीडीयू पुढे जाऊच देत नाहीत, म्हणून जोडीला स्टॉर्म कंट्रोलही (डेटाचा असा पूर आवरणारी सोय) लावा.

दुरून सेटिंग बदलताना सिस्कोच्या स्विचवर आधी ‘रीलोड इन १०’ ही आज्ञा द्या. चुकून स्वतःचाच रस्ता कापला तर दहा मिनिटांनी तो जुन्या सेटिंगवर परत उठतो. बदल नीट चालला की ‘रीलोड कॅन्सल’, मग सेव्ह. हा क्रम उलटा झाला आणि चुकीची सेटिंग आधीच सेव्ह झाली, तर कन्सोल केबल (लॅपटॉप थेट स्विचला जोडायची) घेऊन शेडवर जावंच लागतं. त्यामुळे ती केबल रॅकच्या दारालाच बांधून ठेवा.