पेलेट स्टोव्हची साफसफाई: हवेच्या वाटेने जाताना

स्टोव्ह नीट पेटत नाही, काच तासाभरात काळी पडते, ज्योत सुस्तावल्यासारखी लोळते, किंवा यंत्र मध्येच बंद पडून पडद्यावर कुठलासा सांकेतिक अंक दाखवते, अशी तक्रार घेऊन आपण दुरुस्तीवाल्याला बोलावतो आणि तो बऱ्याचदा एकही भाग न बदलता नुसती राख काढून जातो. याचे कारण पेलेट स्टोव्हच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या छोट्या गोळ्या (पेलेट) जाळणाऱ्या स्टोव्हच्या, रचनेतच आहे. साध्या लाकडी शेगडीत धूर आपल्याच उष्णतेने धुराड्यातून वर चढतो. पेलेट स्टोव्हमध्ये हे काम एक छोटा पंखा करतो. तो आतला धूर ओढून बाहेर टाकतो आणि त्या ओढीमुळेच ताजी हवा आत येते. ही वाट अरुंद आणि वळणावळणाची असते, आणि राख असते पिठासारखी बारीक. वाट थोडी अडली की ज्वलन बिघडते, त्यातून काजळी वाढते आणि ती काजळी उरलीसुरली वाटही अडवते. म्हणून कामांची यादी पाठ करण्यापेक्षा हवा ज्या क्रमाने जाते त्याच क्रमाने साफसफाई करत जाणे मला सोयीचे वाटते, कारण त्यात एखादी जागा सहसा विसरली जात नाही.

सुरुवात स्टोव्ह थंड करण्यापासून करावी. प्लग काढून तो कधीही बंद करू नये. बटणाने बंद केल्यावर पेलेट पडणे थांबते, पण उरलेला धूर बाहेर काढण्यासाठी पंखा बराच वेळ चालू राहतो. मध्येच वीज तोडली तर तोच धूर खोलीत पसरू शकतो. पंखा आपोआप थांबला, बाहेरचा पत्रा हाताला गार लागला, की मग प्लग काढावा आणि त्यानंतरही काही तास जाऊ द्यावेत. शक्यतो रात्री बंद केलेला स्टोव्ह सकाळी उघडावा. राखेच्या थराखाली निखारा सुखाने धुगधुगत राहतो आणि वरून त्याचा पत्ता लागत नाही. घरातला नेहमीचा व्हॅक्यूम क्लीनर या कामाला वापरू नये, कारण बारीक राख त्याच्या फिल्टरमधून निसटून खोलीभर उडते आणि एखादा जिवंत निखारा आत गेला तर ओढल्या जाणाऱ्या हवेने तो फुलतो. धातूचे पिंप असलेला, राखेसाठीच बनवलेला व्हॅक्यूम घ्यावा. आणि तोही थंड राखेपुरताच आहे हे विसरू नये. काढलेली राख घट्ट झाकणाच्या धातूच्या बादलीत भरून ती बादली घराबाहेर, दगडी किंवा सिमेंटच्या जागेवर काही दिवस तशीच ठेवावी. लाकडी ओट्यावर किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलेल्या राखेने आगी लागलेल्या आहेत.

आता ज्वलनपात्राकडे वळू. पेलेट ज्यात पडतात आणि जळतात ते हे छोटे लोखंडी भांडे सगळ्या यंत्राचे हृदय आहे, आणि रोज पाहावे असेही हेच. त्याच्या तळाला व बाजूंना भोके असतात, त्यांतून हवा वर येते. भांडे बाहेर काढून उजेडासमोर धरावे: प्रत्येक भोकातून प्रकाश आरपार दिसला पाहिजे. काही भोके राखेने नुसती झाकलेली असतात, ती झटकल्यावर मोकळी होतात; पण काहींवर काचेसारखा कठीण, करडा-तपकिरी थर बसलेला असतो. हे किट्ट. पेलेटमध्ये झाडाच्या सालीतून किंवा मातीतून आलेले खनिजांश जास्त असले की ते ज्वालेच्या उष्णतेने वितळतात आणि थंड होताना एकमेकांना चिकटून खडा बनतो. तो स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने किंवा चपट्या खरवडणीने उचकटून काढावा आणि भोकापेक्षा किंचित बारीक खिळा प्रत्येक भोकातून एकदा फिरवावा. भोक कोरून मोठे करू नये. त्याचे माप हवेच्या हिशेबाने ठरवलेले असते.

भांडे परत ठेवण्याआधी ते ज्या खाचेत बसते ती खाचही पुसून घ्यावी. तिच्यात राखेचा एवढासा ढिगारा राहिला तरी भांडे एका बाजूने उचललेले राहते, हवा भोकांतून येण्याऐवजी कडेच्या फटीतून निघून जाते आणि पेलेट नुसते धुमसत बसतात. शिवाय पेटवणारी विजेची कांडी ज्या भोकासमोर येते ते भोक सरकते. स्टोव्ह पेटायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेऊ लागला तर कांडी जळाली असे समजून नवी मागवण्याआधी भांडे नीट बसले आहे का आणि कांडीच्या नळीत राख साचली आहे का, हे पाहावे. स्टोव्ह पेटलाच नाही आणि भांडे कच्च्या पेलेटनी भरले असेल, तर लगेच दुसऱ्यांदा सुरू करू नये. साचलेले पेलेट एकदम धुमसून ज्वलनकक्षात धूर कोंडतात, आणि तो धूर भडकला तर स्फोटासारखा धक्का बसू शकतो. गार झाल्याची खात्री करून भांडे रिकामे करावे. आणि ते पेलेट पुन्हा टाकीत टाकू नयेत, कारण त्यांतला एखादा आतून जळता असू शकतो.

काचेबद्दल थोडक्यात: ओला कागद राखेत बुडवून काच पुसावी, मग कोरड्या कागदाने. काच गरम असताना पाणी लावू नये. फिकट करडा थर रोज येणारच, त्याची चिंता नको. काळा, चिकट थर मात्र हवा कमी पडत असल्याची खूण आहे. राखही असेच सांगते. चांगल्या ज्वलनाची राख हलकी, फिकट आणि बारीक असते, तर काळी, भरड राख म्हणजे अर्धवट जळलेले इंधन.

ज्वालेच्या वर उष्णता-विनिमयाच्या नळ्या किंवा पट्ट्या असतात. धूर त्यांच्या बाहेरून जातो आणि खोलीची हवा आतून, म्हणजे खोली गरम होते ती यांच्याच जिवावर. त्यांच्यावर बसलेली राख उष्णता अडवते, आणि जी उष्णता खोलीत यायची ती धुराबरोबर बाहेर जाते. बऱ्याच स्टोव्हमध्ये नळ्या खरवडण्यासाठी एक दांडा दिलेला असतो. तो रोज थंड अवस्थेत चार-सहा वेळा मागे-पुढे ओढावा. आठवड्यातून एकदा ज्वलनकक्ष पूर्ण रिकामा करून भिंती, कोपरे आणि नळ्यांची वरची बाजू ब्रशने झाडावी. राखेचे ताटही तेव्हाच रिकामे करावे. ते काठोकाठ भरण्याची वाट पाहू नये.

यापुढची जागा बहुतेकांकडून राहते, आणि माझ्याकडूनही राहिली होती. ज्वलनकक्षाच्या मागच्या किंवा बाजूच्या पत्र्यांमागे एक पोकळी असते, तिच्यातून धूर खाली उतरून पंख्याकडे जातो. बाहेरून ती दिसत नाही. पहिल्या हिवाळ्यात मी ज्वलनपात्र आणि काच आरशासारखी ठेवली होती, तरी हंगामाच्या उत्तरार्धात ज्योत दिवसेंदिवस मलूल होत गेली. शेवटी पुस्तिकेतले चित्र पाहून मागचा पत्रा काढला, तेव्हा त्यामागची पोकळी अर्ध्याहून अधिक राखेने भरलेली होती. धुराला जायला हाताच्या तळव्याएवढी फट उरली होती. तेव्हापासून साधारण एक टन पेलेट जळले की मी हे पत्रे काढतोच. पत्रे पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणेच काढावेत, आणि काही स्टोव्हमध्ये मागची भिंत विटेसारख्या ठिसूळ पदार्थाची असते, तिथे व्हॅक्यूमचे तोंड आपटू नये. कक्षाच्या तळाशी राख साठवणारे छोटे कप्पे असतात. त्यांची झाकणे उघडून आत लवचीक नळी घालावी, आणि पत्र्यावर रबरी हातोडीने हलके ठोकावे म्हणजे वर चिकटलेली राख खाली येते.

धूर ओढणारा पंखा वर्षातून एकदा तरी बाहेर काढून पाहिला पाहिजे. त्याच्या पात्यांवर काजळीचा थर बसला की त्याची ओढ कमी होते आणि तोल जाऊन आवाजही वाढतो. पाती मऊ ब्रशने झाडावीत, वाकवू नयेत, आणि परत बसवताना खालचे गॅस्केट (जोड हवाबंद ठेवणारी पट्टी) नवे घालावे, कारण जुने एकदा उकलले की पुन्हा तेवढे घट्ट बसत नाही. ज्यांना हे काम जमेल असे वाटत नाही त्यांनी ते प्रशिक्षित माणसाकडून करून घ्यावे. खोलीत गरम हवा सोडणारा दुसरा पंखा असतो, त्याला राख लागत नाही, पण घरातली धूळ आणि पाळीव प्राण्यांचे केस तो आनंदाने गोळा करतो, तोही झाडावा. धुराच्या मार्गातला दाब ओळखणाऱ्या स्विचला एक बारीक सिलिकॉनची नळी जोडलेली असते. ती राखेने तुंबली की स्टोव्ह काही कारण नसल्यासारखा बंद पडतो. ती साफ करताना आधी स्विचपासून सोडवून घ्यावी. स्विचमध्ये फुंकले किंवा व्हॅक्यूम लावला तर आतला नाजूक पडदा कायमचा निकामी होऊ शकतो.

धुराची नळी स्टोव्हमधून आडवी निघून पुढे उभी होते, त्या वळणावर इंग्रजी टी अक्षरासारखा तुकडा असतो. त्याच्या खालचे झाकण काढले की साचलेली राख ओंजळ-ओंजळ खाली पडते, तेव्हा खाली बादली धरायला विसरू नये. बाकीची नळी तिच्याच व्यासाच्या गोल ब्रशने वर्षातून एकदा तरी, आणि रोज जळणारा स्टोव्ह असेल तर हंगामाच्या मध्येही, साफ करावी. बाहेरच्या टोकाला जाळी असल्यास तीही पाहावी. नळीचे जोड घट्ट आहेत याची खात्री करावी, कारण अडलेल्या किंवा गळक्या नळीतून खोलीत येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा इशारा देणारे उपकरण स्टोव्हच्या खोलीत आणि झोपायच्या खोल्यांजवळ असलेच पाहिजे.

हे सगळे किती वेळा करावे लागेल हे बरेचसे पेलेटवर ठरते. युरोपात चालणाऱ्या ईएनप्लस मानांकनाच्या ए१ दर्जात राखेचे प्रमाण 0.7 टक्क्यांपर्यंत आणि ओलावा 10 टक्क्यांपर्यंत चालतो; ए२ दर्जात राखेची मर्यादा 1.2 टक्के आहे. म्हणजे 15 किलोच्या पिशवीमागे पहिल्यात फार तर 105 ग्रॅम राख, दुसऱ्यात 180 ग्रॅम. फरक किरकोळ दिसतो, पण टनामागे तो पाच किलो होतो, आणि ती प्रत्येक किलो राख आपल्यालाच उपसावी लागते. पिशव्या कोरड्या जागी, जमिनीपासून उचलून ठेवाव्यात; पाणी लागलेला पेलेट फुगून पुन्हा भुसा होतो. पिशवीच्या तळाचा भुगा टाकीत ओतू नये. तो टाकीच्या कोपऱ्यांत साचतो, पेलेटची घसरण अडवतो आणि पेलेट पुढे ढकलणाऱ्या स्क्रूला जाम करतो. महिन्यातून एकदा टाकीतले सगळे पेलेट जळून संपू द्यावेत आणि तळाचा भुगा काढावा. प्लग काढल्याशिवाय स्क्रूच्या तोंडाशी हात घालू नये.

दाराच्या कडेला काचतंतूची जाड दोरी असते, तिच्याकडे हंगामाच्या सुरुवातीला लक्ष द्यावे. कागदाची पट्टी दारात धरून दार बंद करावे आणि पट्टी ओढून पाहावी; ती सहज निघून आली तर त्या जागी दोरी चेपलेली आहे. चारही बाजूंना असे तपासावे. दोरी बदलताना ती ओढून ताणू नये, मूळ जाडीचीच घ्यावी आणि उष्णता सोसणाऱ्या चिकटद्रव्याने बसवावी. राखेच्या कप्प्याच्या दाराचीही अशीच तपासणी करावी.

हंगाम संपला की स्टोव्ह राखेसकट सोडून देण्याचा मोह होतो, आणि माझ्या मते यंत्राचे सर्वांत जास्त नुकसान याच महिन्यांत होते. लाकडाच्या राखेतले क्षार हवेतला ओलावा धरून ठेवतात आणि त्या ओल्या थराखाली पत्रा गंजत जातो. म्हणून वर सांगितलेली सगळी कामे हंगामाच्या शेवटी, शेवटचा निखारा विझल्यावर लवकरात लवकर करावीत. टाकी आणि स्क्रू रिकामे करावेत, प्लग काढून ठेवावा, आणि बाहेरच्या नळीत पक्ष्यांनी किंवा गांधीलमाश्यांनी घरटे करू नये म्हणून तिचे तोंड झाकावे. ते झाकण काढायची आठवण करून देणारी चिठ्ठी स्टोव्हच्या बटणावरच चिकटवावी, म्हणजे पहिल्या थंडीच्या संध्याकाळी ती सोलून काढल्याशिवाय स्टोव्ह सुरूच करता येणार नाही.