पन्नास हजारांची रोड बाइक: डिरेलरवरच्या नावापलीकडे काय बघायचं

दुकानात रोड बाइक मागितली की दुकानदार आधी सायकल वळवून मागचं डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, दाखवतो. ‘बघा साहेब, शिमानो सोरा.’ डिरेलर खरंच शिमानो कंपनीच्या सोरा या गिअरसंचातलं असतं. बऱ्याचदा तेवढंच सोराचं असतं! क्रँक (पेडलचा दांडा) बिननावाचा, ब्रेक बिननावाचे, चेन कुठली तरी. गिऱ्हाइकाची नजर जिथे जाते तिथे एक चांगला भाग बसवायचा आणि पैसे बाकीच्या ठिकाणी वाचवायचे, हा या किमतीतला सरसकट हिशेब आहे. म्हणून ४० ते ७० हजारांत सायकल घेणाऱ्याने ज्या भागांचं नाव कुणी घेत नाही, ते आधी बघावेत.

आधी रस्ता ठरवा

रोज सकाळी ३० किलोमीटर, अधूनमधून घाट आणि जमलं तर एखादी बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी), असा बहुतेकांचा बेत असतो. २०० किलोमीटरच्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात. तिथे वेगापेक्षा पाठ आणि मनगटं टिकणं महत्त्वाचं. अशा माणसाने शर्यतीची, पुढे वाकून बसायला लावणारी फ्रेम घेऊ नये. ‘एन्ड्युरन्स’ प्रकारची, म्हणजे थोडं सरळ बसता येणारी, घ्यावी. फ्रेममध्ये किमान २८ मिलिमीटरचा टायर बसतो का, हे विचारायचंच, ३२ बसत असेल तर उत्तम. आपल्याकडचे खड्डे, पेव्हर ब्लॉक आणि पावसानंतरचे रस्ते बघता २३चा टायर म्हणजे पंक्चरला आमंत्रण. वजनाच्या आकड्यात फार गुंतू नका. दहा-अकरा किलोची सायकल या किमतीत ठीक आहे. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो भरत असतील, तर एक किलो कमी केल्याने सव्वा टक्का फरक पडतो.

खिशात लोहचुंबक घेऊन जा

फ्रिजवर लावायचं चालेल. फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याला, लावून बघा. चिकटलं तर फोर्क स्टीलचा आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला साधा स्टीलचा फोर्क जोडून ‘अलॉय बाइक’ म्हणून विकणं सर्रास चालतं. नाही चिकटलं तर अ‍ॅल्युमिनियम किंवा कार्बन, ते टिचकी मारून कळतं: कार्बनचा आवाज बद्द येतो. या किमतीत कार्बन फोर्क मिळत असेल तर त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजावेत. तीन तासांनी तळहात कमी बधिर होतात, आणि फोर्क नंतर बदलणं महागात जातं. मग चुंबक सीटपोस्टला (सीटखालच्या दांडीला) आणि पुढच्या दातेरी चकत्यांना लावा. तिथेही चिकटलं तर काटकसर कुठे झाली ते कळेल. एखादी चकती स्टीलची असणं वाईट नाही, ती टिकते. पण सगळीकडेच चिकटत असेल तर किंमत त्या मानाने कमी हवी. सगळी फ्रेमच स्टीलची असेल, तर ती क्रोमोलीची (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या स्टीलची) आहे का ते विचारा. क्रोमोली चांगली, ‘हाय-टेन’ म्हणजे जड आणि स्वस्त.

ग्रुपसेटची उतरंड

ग्रुपसेट म्हणजे गिअर आणि ब्रेकच्या भागांचा संच. शिमानोची रोडची जुनी उतरंड खालून वर अशी: टूर्नी (मागे ७ गिअर), क्लॅरिस (८), सोरा (९), टियाग्रा (१०), मग ‘१०५’ नावाचा. नव्या मॉडेलांवर क्लॅरिस, सोरा आणि टियाग्राच्या जागी क्यूस येतंय. क्यूसचे शिफ्टर (गिअर बदलायच्या कळा) जुन्या क्लॅरिस-सोराच्या डिरेलरशी जुळत नाहीत. म्हणून सेटमध्ये मिसळ असेल तर काय कशाशी जोडलंय ते विचारून घ्या.

माझं मत विचाराल तर क्लॅरिसच्या खाली उतरू नका. टूर्नीच्या रोड शिफ्टरला गिअर एका दिशेने बदलायला आतल्या बाजूला अंगठ्याचं बटण असतं. हँडलच्या खालच्या वळणावर हात असले की ते सापडत नाही. क्लॅरिसमध्ये एका दिशेला ब्रेकची पट्टीच आत ढकलायची आणि दुसऱ्या दिशेला तिच्या मागची लहान पट्टी, त्यामुळे हात कुठेही असला तरी बोटं पोचतात. दुसरं कारण चाकात आहे. ७ गिअरच्या सायकलींत बहुधा फ्रीव्हील (हबवर आट्यांनी बसवलेला मागच्या चकत्यांचा जुडगा) असतं, त्यात उजवीकडचं बेअरिंग फार आत बसतं आणि वजनदार माणसाखाली आस वाकते. कॅसेट आणि फ्रीहबमध्ये (हबच्याच भागावर चकत्या सरकवून बसवायच्या, अशी रचना) हा त्रास नाही. ‘कॅसेट आहे की फ्रीव्हील?’ हा प्रश्न दुकानात नक्की विचारा.

सगळे भाग क्लॅरिसचे असलेली सायकल ही फक्त डिरेलर सोराचं असलेल्या सायकलपेक्षा चांगली.

दात मोजा

पुढे ५०/३४ असेल तर लहान चकती ३४ दात्यांची. मागची सर्वांत मोठी चकती २८ दात्यांची असेल, तर मिनिटाला ६० पेडल फेऱ्यांत ताशी ९ किलोमीटरच्या वर जावंच लागतं. मागे ३४ असेल तर तीच लय साडेसात किलोमीटरला सांभाळता येते. सिंहगडच्या चढावर नवख्याला हाच फरक उतरून ढकलण्यापासून वाचवतो. म्हणून मागे ३२ किंवा ३४ आहे का ते बघा. नसेल तर डिरेलर लांब केजचं (चेन ताणून धरणारी खालची पट्टी लांब असलेलं) आहे का विचारा, म्हणजे नंतर कॅसेट बदलता येईल.

ब्रेक आणि चाकं

डिस्क म्हणजे चांगलं, रिम म्हणजे जुनाट, असं नाही. स्वस्त केबल-डिस्कमध्ये एकच पॅड हलतो आणि पॅड झिजला की सतत जुळवत बसावं लागतं. त्यापेक्षा नावाजलेला रिम ब्रेक बरा. कोकणात किंवा भर पावसात रोज चालवणार असाल तर मात्र डिस्कच घ्या, कारण चिखलाची रेती रिम खाते. चाक उचलून फिरवा आणि ब्रेक पॅड व रिममधली फट बघा. ती कमीजास्त होत असेल तर चाक दुकानातच सरळ करून घ्या.

माप

इथे तडजोड नको. दुकानात ५६ मापाची फ्रेम शिल्लक असेल तर दुकानदार ५४ वाल्यालाही ५६ ‘बसवून’ देतो, सीट पुढे-मागे करून. स्टेम (हँडल धरणारा तुकडा) १० मिलिमीटरने बदलून फरक पडतो, पण मोठी फ्रेम लहान होत नाही. मापाचा आकडाही कंपनीगणिक वेगळा असतो, म्हणून कंपनीच्या तक्त्यातले स्टॅक (फ्रेमची उंची) आणि रीच (फ्रेमची पुढची पोच) बघा. आधी कुणाची तरी सायकल तासभर चालवून, मान आणि मनगटं दुखतात का ते पाहून मगच ठरवा.

जुनी घेत असाल तर

याच पैशांत दोन-तीन वर्षं वापरलेली टियाग्रा मिळू शकते. चेनवर फूटपट्टी ठेवा. एका पिनच्या मध्यापासून मोजलं की १२ पूर्ण कड्या बरोबर १२ इंच भरायला हव्यात. शेवटची पिन १२ इंचाच्या खुणेपुढे १/१६ इंच गेली असेल तर चेन बदलायला झाली. १/८ इंच गेली असेल तर कॅसेटही गेली, तो खर्च किमतीतून कापून मागा. फ्रेमच्या जोडांवर आणि हेडट्यूबखाली तडे आहेत का ते उजेडात बघा. कार्बन फ्रेम पडलेली आहे का हे विचारून उत्तर खरं मिळेलच असं नाही, म्हणून पहिल्यांदाच घेणाऱ्याने जुनी कार्बन टाळावी.

पेडल, हेल्मेट, दिवे, पंप आणि दोन ट्यूब यांसाठी ५ ते ७ हजार बाजूला काढून ठेवा, आणि सायकल त्या उरलेल्या रकमेत बसवा. नवी सायकल पहिल्या १००-२०० किलोमीटरमध्ये केबल सैल करते, आऱ्यांचा ताणही बदलतो, म्हणून पहिली मोफत सर्व्हिस न चुकता करून घ्या.