शेलच्या प्रारंभ-फाइली : कोणती ओळ कोठे लिहावी

निपाणी किंवा खानापूरच्या एखाद्या पतसंस्थेत सभासदांची यादी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांत ठेवली जाते, असे समजू. दिवसा टर्मिनल उघडून चालवलेली स्क्रिप्ट नावांतील अक्षरे बरोबर मोजते आणि रकाने सरळ आखते. तीच स्क्रिप्ट रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या प्रोग्राममधून, चालली की रकाने विस्कटतात, किंवा कमांड सापडत नसल्याचा संदेश तेवढा मागे राहतो. अशा वेळी दोष बहुधा स्क्रिप्टमध्ये नसतो. शेल म्हणजे आपण दिलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम; दिवसाच्या शेलने ज्या फाइली वाचलेल्या असतात, त्या रात्रीच्या शेलने उघडलेल्याच नसतात. (पुढे फाइलींची आणि कमांडची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, यंत्रावर ती रोमन लिपीत लिहावीत.)

बॅश हा लिनक्सवरचा नेहमीचा शेल सुरू होताना दोन गोष्टी पाहतो : आपण लॉगिन शेल, म्हणजे लॉगिन करताना सुरू झालेला शेल, आहोत का, आणि आपण संवादी, म्हणजे माणसाकडून थेट कमांड घेणारा इंटरॅक्टिव्ह शेल, आहोत का. हे दोन प्रश्न एकमेकांपासून स्वतंत्र आहेत आणि बहुतेक घोळ ते एकच समजल्याने होतो. आपला शेल कोणता हे अंदाजाने ठरवू नये. `$-` या चलाच्या (व्हेरिएबलच्या) किमतीत ‘आय’ हे अक्षर असेल तर शेल संवादी आहे; `शॉप्ट लॉगिन_शेल` ही कमांड तो लॉगिनचा आहे की नाही ते सांगते.

लॉगिन शेल प्रथम `/इटीसी/प्रोफाइल` वाचतो आणि नंतर घरच्या डिरेक्टरीत `.बॅश_प्रोफाइल`, `.बॅश_लॉगिन` आणि `.प्रोफाइल` या क्रमाने शोध घेतो. यांपैकी जी पहिली सापडेल तेवढीच वाचतो, उरलेल्यांकडे पाहतही नाही. उबुंटूमध्ये आधीपासून `.प्रोफाइल` असते. पुढे एखाद्या इन्स्टॉलरने किंवा सहकाऱ्याने `.बॅश_प्रोफाइल` तयार केली की जुनी फाइल कोणतीही सूचना न देता निकामी होते. म्हणून `.बॅश_प्रोफाइल` ठेवायचीच असेल तर तिच्यात `.प्रोफाइल` वाचण्याची ओळ अवश्य असावी. लॉगिन नसलेला संवादी शेल मात्र घरची `.बॅशआरसी` वाचतो. उबुंटूच्या डेस्कटॉपवर टर्मिनलची खिडकी उघडली की असाच शेल मिळतो, आणि त्यामुळे `.प्रोफाइल`मधला बदल पूर्ण लॉगआउट करून पुन्हा लॉगिन केल्याशिवाय तेथे दिसत नाही.

कोणती ओळ कोठे जावी हे वारशावरून ठरवावे. एक्स्पोर्ट केलेली चले त्या शेलमधून निघालेल्या प्रत्येक प्रक्रियेला मिळतात. ती लॉगिनच्या वेळी एकदाच ठरली की पुरे, म्हणून `पाथ` (कमांड शोधण्याच्या डिरेक्टरींची यादी), `लँग` (भाषेची निवड), `एडिटर` यांची जागा `.प्रोफाइल`मध्ये आहे. एलियस (कमांडची टोपणनावे), प्रॉम्प्ट आणि हिस्टरीच्या सवयी असा वारसा देत नाहीत. त्या प्रत्येक संवादी शेलला नव्याने लागतात, म्हणून त्या `.बॅशआरसी`त असाव्यात. `पाथ`मध्ये भर घालणारी ओळ `.बॅशआरसी`त लिहिली, तर शेलमधून शेल उघडताना तीच डिरेक्टरी पुन्हा पुन्हा जोडली जाते.

झेडशेल या दुसऱ्या शेलची व्यवस्था अधिक स्पष्ट आहे : `.झेडएसएचएन्व्ह` नेहमी, `.झेडप्रोफाइल` लॉगिनला, `.झेडएसएचआरसी` संवादी शेलला. २०१९च्या कॅटलिना या मॅकओएस आवृत्तीपासून मॅकवर नव्या खात्याला हाच शेल मिळतो.

एसएसएच, म्हणजे दूरच्या यंत्राशी सुरक्षित जोडणी, याबाबत विशेष सावध राहावे. उबुंटू आणि डेबियनवरील बॅश, एसएसएचने दूरवरून एखादी कमांड पाठवली तर संवादी नसतानाही `.बॅशआरसी` वाचतो. बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यातून मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरवर आरसिंक या प्रती पाठवणाऱ्या कमांडने फाइली पाठवताना सर्व्हरवरील `.बॅशआरसी`त एखादी स्वागताची ओळ छापली जात असेल, तर ती ओळ आरसिंकच्या संभाषणात मिसळते आणि जोडणी तुटते. यासाठीच तेथील `.बॅशआरसी`च्या आरंभी, `$-` मध्ये ‘आय’ नसेल तर तेथूनच परत फिरण्याची तरतूद असते. ती कधीही काढू नये, आणि काहीही छापणारी ओळ तिच्या वर लिहू नये.

क्रॉनकडे यांतले काहीच पोहोचत नाही. तो नेमलेले काम `/बिन/एसएच`कडे देतो, जो उबुंटूवर २००६पासून डॅश हा वेगळा शेल आहे. घरच्या फाइली वाचल्या जात नाहीत आणि `पाथ`मध्ये सहसा `/यूएसआर/बिन` आणि `/बिन` एवढेच असते. ‘बेळगाव’ हा शब्द येथे डोळ्यांसमोर ठेवावा. यूटीएफ-८ लोकेलमध्ये (लोकेल म्हणजे भाषा आणि अक्षरांच्या संकेतांची निवड) `डब्ल्यूसी -एम` त्याची ६ चिन्हे मोजते. साध्या ‘सी’ लोकेलमध्ये तीच कमांड १८ सांगते, कारण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. कन्नडचेही तसेच. रकाने विस्कटतात ते यामुळे.

म्हणून स्क्रिप्टला जे लागते ते स्क्रिप्टनेच आपल्या आरंभी सांगावे : कोणता शेल, कोणता `पाथ`, कोणते लोकेल. क्रॉनटॅबमध्येही, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीतही, ही चले लिहिता येतात, पण तेथे `$पाथ`चा विस्तार होत नाही. पूर्ण मार्ग लिहावे लागतात. पडद्यासाठी कोणी मराठी लोकेल ठेवावे, कोणी कन्नड. स्क्रिप्टसाठी मात्र `सी.यूटीएफ-८` योग्य, असे माझे ठाम मत आहे, कारण त्यात दोन्ही लिप्या नीट मोजल्या जातात आणि संदेशांचे रूप माणसागणिक बदलत नाही. क्रमवारीपुरता अपवाद करावा : या लोकेलमध्ये ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये येतो, वर्णमालेप्रमाणे ‘ह’नंतर नव्हे. नावे अकारविल्हे लावायची असतील तर केवळ `सॉर्ट`पुरते वेगळे लोकेल द्यावे आणि निकाल डोळ्यांखालून घालावा.

बदल करण्यापूर्वी फाइलीची प्रत काढावी, आणि सर्व्हरवर काम असेल तर दुसरे एसएसएच सत्र उघडे ठेवावे. `बॅश -एन` ने वाक्यरचना तपासावी. मग संवादी नसलेल्या शेलची चाचणी म्हणून `एन्व्ह -आय /बिन/एसएच -सी` या कमांडपुढे स्क्रिप्टचा पूर्ण मार्ग देऊन ती चालवावी. वारशाने आलेली सर्व चले त्यात पुसली जातात. तेथे जी कमांड अडते किंवा जो आकडा चुकतो, त्याचा बंदोबस्त स्क्रिप्टमध्येच करावा आणि नंतरच तिची ओळ क्रॉनटॅबमध्ये घालावी.